वेठ, वेतन आणि हमी : महाड-पोलादपूर प्रांतांतील रोजगाराचा विचार

महाड व पोलादपूर हीं नांवें इतिहासाच्या अभ्यासकांस नवीं नाहींत. गांधारपाले येथील लेणीं, रायगड, उमरठ, पोलादपुरांतील कवींद्र परमानंदाची समाधि, नाना फडणिसांचें १७९६ मधील महाड येथील वास्तव्य व १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह, या विषयांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु सावित्रीच्या खाडींतून भरतीच्या पाण्याबरोबर जो माल या बंदरास चढत असे, तो मचव्यांतून उतरविणारा हमाल, वखारींतून बैलाच्या पाठीवर गोणी चढविणारा बिगारी, आणि घाटांतून डोक्यावर ओझें नेणारा हेलकरी यांचा विचार त्या मानानें फारच थोडा झाला आहे. बंदराचा इतिहास म्हणून आपण जकात व व्यापारी यांचा इतिहास लिहितों. ज्यांच्या पाठीवरून तो सर्व व्यापार गेला, ते हात त्यांत येत नाहींत.

प्रस्तुत लेखांत आम्ही एकच प्रश्न घेतला आहे. ज्याच्याजवळ शेत नाहीं, वतन नाहीं, भांडवल नाहीं, केवळ दोन हात आहेत, त्यास काम मिळेनासें झालें असतां राज्य त्याचें कांहीं देणें लागतें काय ? आणि लागत असल्यास तें केव्हांपासून ? आमचें म्हणणें आरंभींच सांगून ठेवतों. सुमारें दोन हजार वर्षांच्या लेखांत हातांनीं राज्यास काय द्यावें तें स्पष्ट लिहिलेलें सांपडतें. राज्यानें रिकाम्या हातांस काय द्यावें तें एकदोन ठिकाणीं, तेंही कृपा म्हणून, सांपडतें. तें देणें कर्जासारखें बंधनकारक आहे, असें या प्रांताच्या इतिहासांत कायद्यानें प्रथम लिहिलें गेलें तें १९७७ त. आणि तें देणें वसूल होणें न होणें एका लहानशा कागदावर अवलंबून राहिलें. या कागदाच्या निमित्तानेंच हा विषय संग्राहक मंडळींपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें.

(१) शब्दांची साक्ष

प्रथम शब्द पाहूं. मराठींतील ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’ या शब्दापासून आला आहे. विष्टि म्हणजे राजानें प्रजेकडून मोबदल्यावांचून करवून घेतलेलें काम. कारागीर, शिल्पी व अंगमेहनतीवर जगणारे शूद्र यांजकडून राजानें महिन्यास एक दिवस काम करवून घ्यावें, असें मनूनें सातव्या अध्यायांत सांगितलें आहे. इ. स. १५० च्या सुमारास महाक्षत्रप रुद्रदामन् यानें सुदर्शन तलावाचा बांध फिरून बांधविला. तो कर, विष्टि अथवा सक्तीच्या देणग्या यांचा प्रजेस त्रास न देतां आपल्या खजिन्यांतून बांधविला, असें त्याच्या जुनागड येथील लेखांत मोठ्या अभिमानानें नमूद आहे. जी गोष्ट न केल्याबद्दल राजा शिळेवर स्वतःची प्रशंसा कोरवितो, ती गोष्ट करणें हीच त्या काळची रीत असली पाहिजे, हें उघड आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांत अग्रहाराच्या गांवांस विष्टीची माफी दिलेली असते. माफी लिहावी लागली, यावरूनही तेंच ठरतें.

वेतनाचा विचार शास्त्रकारांनीं केला नाहीं असें मात्र नव्हे. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत वेतनादान हें स्वतंत्र प्रकरण आहे. वेतन न ठरवितां कोणी काम करवून घेतलें, तर व्यापार, पशु व धान्य यांच्या उत्पन्नाचा दहावा भाग राजानें त्यास कामकऱ्यास देण्यास लावावा, असा तेथें नियम आहे. वेतन घेऊन काम न करणाऱ्यास दंड सांगितला आहे. म्हणजे काम मिळालें असतां काय व्हावें, याची व्यवस्था आहे. काम न मिळालें तर काय, याविषयीं स्मृति मौन धरतात.

या मौनास अपवाद कौटिल्याचा. दुर्भिक्ष पडलें असतां राजानें बीं व अन्न देऊन प्रजेवर अनुग्रह करावा, किंवा अन्न देऊन दुर्ग व जलसेतु यांचीं कामें काढावीं, असें त्यानें चौथ्या अधिकरणांत म्हटलें आहे. दुष्काळी कामाची कल्पना आपल्याकडे इंग्रजांनीं आणली, असें समजणाऱ्यांनीं हें स्थळ अवश्य पाहावें. तथापि त्यांतही दोन मर्यादा आहेत. एक, तें दुर्भिक्षापुरतें आहे. दुसरी, तो अनुग्रह आहे. न मिळाल्यास मागावयास जागा नाहीं.

पुढें फारसी शब्द आले. वेठीस ‘बिगार’ जोडली गेली व ‘वेठबिगार’ असा जोडशब्द रूढ झाला. ‘रोजगार’ हा शब्दही फारसीच. ‘रोज’ म्हणजे दिवस, याच्याशीं त्याचें नातें आहे. ‘बेकार’ म्हणजे ज्यास ‘कार’ अर्थात् काम नाहीं तो. परंतु मराठींत बेकार म्हणजे निरुपयोगी असाही अर्थ झाला, आणि ज्यास काम नाहीं तो माणूसच निरुपयोगी, असा निकाल भाषेनें नकळत देऊन टाकला. उलट ‘बिगारी’ या शब्दाचें भाग्य उघडलें. पूर्वीं फुकट राबणारा तो बिगारी. आज इमारतीच्या कामावर दिवसाची मजुरी घेणारा तो बिगारी. शब्द तोच राहिला व त्यांतील फुकटपणा गेला. तो कसा गेला, हाच आमच्या लेखाचा विषय होय.

(२) बंदराचें वर्ष

महाड समुद्रापासून दूर, सावित्रीच्या कांठीं आहे. महाबळेश्वरीं उगम पावलेली ही नदी पोलादपुरावरून महाडास येते, तेथें तीस गांधारी मिळते, आणि पुढें दासगांवावरून बाणकोटच्या खाडीनें ती समुद्रास मिळते. भरतीचें पाणी जेथपर्यंत चढतें तेथपर्यंत मचवा चढतो, आणि जेथें मचवा थांबतो तेथून बैल निघतो. वरंधा व पार हे घाट महाडास देशाशीं जोडीत होते. पाल्याच्या लेण्यांतील दानलेखांत कानभोज विष्णुपालित नामक कुमाराचें नांव आहे, शेटींच्या घराण्याचेंही आहे. यवन नाविकाच्या वृत्तांतांतील ‘पालैपत्मै’ म्हणजे हेंच पालें, असें कित्येक विद्वान् मानतात. तें मान्य असो वा नसो, या ठिकाणीं व्यापार प्राचीन आहे यांत शंका नाहीं. दात्यांचीं नांवें खडकावर राहिलीं. ज्या पाथरवटांनीं खडक फोडला, त्यांचीं राहिलीं नाहींत.

या बंदराच्या वर्षाचे दोन भाग असत. ज्येष्ठांत समुद्र बंद होई, मचवे कांठावर ओढून शाकारले जात, आणि नारळी पौर्णिमेस पुन्हां हंगाम सुरू होई. पावसाळ्याचे चार महिने भाताची लावणी, बेणणी व पुढें कापणी यांत हातांस काम असे. पोलादपूरच्या डोंगरउतारांवरील वरकस जमिनींत नाचणी व वरी होई. कापणी-झोडणी संपली कीं शेतांतील काम संपलें. तेव्हांपासून आगोटीपर्यंत या हातांस पोसणारें जें काय होतें, तें बंदर व घाट. मीठ, सुकी मासळी व मुंबईचा माल वर जाई. देशावरील माल खालीं येई. चढउतार, वाहतूक, होडींचें काम, लांकूडतोड, कोळसा, खैराचा कात, हीं सर्व कामें या कोरड्या महिन्यांचीं. कातकरी या जमातीचें नांवच त्या धंद्यावरून पडलेलें आहे.

ही गोष्ट मनांत धरून पुढील इतिहास पाहिला पाहिजे. येथें पाऊस भरपूर, म्हणून येथें दुष्काळ नाहीं, असें सरकार म्हणत आलें. परंतु येथील उणीव पाण्याची नसून आठ महिन्यांच्या कामाची होती. जोंवर बंदर चाललें, तोंवर ती उणीव झांकली गेली. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाडाजवळ सावित्रीस १९२८ त दगडी पूल झाला. मोटारी वाढल्या तसा माल रस्त्यानें जाऊं लागला, आणि खाडी गाळानें व बंदर माणसांनीं रितें होत गेलें. हाच तो पूल, जो २ ऑगस्ट १९६६ नव्हे तर २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं, म्हणजे बांधल्यापासून अठ्ठ्यायशीं वर्षांनीं, पुरांत वाहून गेला व दोन एस. टी. गाड्यांतील प्रवाशांस घेऊन गेला. पुलानें लोकांची सोय केली, हें खरेंच. परंतु हमालाच्या कोरड्या महिन्यांतील भाकरी त्यानें घेतली, हेंही तितकेंच खरें आहे, आणि त्याची नोंद कोठें होत नाहीं.

(३) शिवकाल

जावळी घेतल्यावर १६५६ त रायरी महाराजांच्या हातीं आली व पुढें रायगड म्हणून राजधानी झाली. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकराचें नांव जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर आहे. एका बांधकाम पाहणाऱ्या सेवकाचें नांव तेवढ्या मानाच्या जागीं राहावें, ही गोष्ट लहान नव्हे. दगड वर चढविणाऱ्यांचें नांव तेथेंही नाहीं.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें त्या काळचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे ५ सप्टेंबर १६७६ चें, मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास महाराजांनीं लिहिलेलें पत्र. गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे, ज्यास माणूसबळ आहे पण बैल व दाणे नाहींत, त्यास बैलांसाठीं पैसा व पोटास दाणे द्यावे, शेत करवावें, आणि दिलेलें वाढीदिढी न करतां, मुद्दलच तेवढें, त्यास शक्ति येईल तसतसें घ्यावें, असा त्याचा आशय आहे. हात आहेत पण साधन नाहीं, अशा माणसाकडे अधिकाऱ्यानें स्वतः चालत जावें, ही आज्ञा कौटिल्याच्या अनुग्रहाच्या पुढें गेलेली आहे. कारण तीस दुर्भिक्षाची अट नाहीं. तथापि हेंही तगाईच होतें, म्हणजे फेडावयाचें. आणि तें कुणब्यास होतें, म्हणजे जमीन करणारास. बंदरावरील हमाल त्यांत बसत नव्हता.

पेशवे दफ्तरांत ‘बालपरवेशी’ या नांवाखालीं नेमणुका आढळतात. सरकारकामीं माणूस पडला, तर त्याच्या मुलाबाळांच्या पोटासाठीं दिलेली ही तैनात. ज्यास काम करतां येत नाहीं अशा मागें राहिलेल्यांचें राज्य कांहीं देणें लागतें, ही भावना तींत स्पष्ट आहे. परंतु ती चाकरीचें फळ होय. ज्यास चाकरीच नव्हती त्यास ती नाहीं. गांवीं मिरासदार व उपरी असा भेद होताच. मिरासदार गांव सोडून गेला तरी त्याचा हक्क सुटत नसे. उपरी राहिला तरी त्याचा हक्क लागत नसे. हातावर पोट असलेला बहुधा या दोहोंच्याही बाहेरचा.

(४) इंग्रजी अंमल

इंग्रजी अंमलांत वेठ एकाएकीं गेली, असा समज असल्यास तो बरोबर नाहीं. १८७४ च्या वतनी कायद्यानें गांवकीचीं वतनें कायम राहिलीं, आणि महारांच्या वतनाबरोबर सरकारी अंमलदारांचीं रात्रंदिवस पडतील तीं कामेंही त्यांच्या माथीं राहिलीं. वतन म्हटलें कीं हक्क असा अर्थ आपल्या मनांत येतो. येथें तें अल्प इनामाच्या मोबदल्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची बांधिलकी होती. हीं कनिष्ठ गांववतनें मोडणारा कायदा १९५८ चा. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें बिगार निषिद्ध ठरली ती १९५० त.

या बांधिलकींतून सुटण्याची एक वाट सैन्याची होती. महाड, दापोली या भागांतील महार मंडळी मोठ्या संख्येनें पलटणींत होती. गेल्या शतकापूर्वींच्या म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या दशकांत ती भरती बंद झाली. महाडाजवळील रावदूळचे, पलटणींतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनीं ‘विटाळ विध्वंसन’ हें पुस्तक १८८८ त लिहिलें, आणि १८९४ त भरतीबद्दल सरकारास विनंतिपत्र तयार केलें. आमच्या मतें हें विनंतिपत्र या प्रांतांतील रोजगाराच्या इतिहासाचा पहिल्या प्रतीचा कागद आहे. एका समाजाचा रोजगार राज्यानें हुकमानें काढून घेतला, आणि तो परत द्यावा म्हणून त्या समाजानें राज्यापाशीं लेखी मागणें केलें, असें तें आहे.

महाडास १९ व २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं जी परिषद भरली, तिचा उल्लेख तळ्याच्या पाण्यासंबंधानें होतो व तो योग्यच आहे. परंतु त्याच परिषदेंत सैन्यभरती बंद झाल्यानें झालेली हानि, शेतीसाठीं जमीन, व गांवकीचीं हलकीं कामें सोडणें, हेही विषय निघाले होते. दासगांवचे रामचंद्र बाबाजी मोरे त्या परिषदेच्या संयोजकांपैकीं एक. पुढें ते मुंबईंत कामगार चळवळींत शिरले. पाण्याचा हक्क व कामाचा हक्क हे दोन निराळे प्रश्न नाहींत, हें त्यांच्या आयुष्यावरून दिसतें. त्याच वर्षीं २५ डिसेंबर रोजीं महाडास जी मनुस्मृति जाळली गेली, तींतच महिन्यास एक दिवसाच्या फुकट कामाचें तें वचन आहे, हें आमच्या वाचकांच्या ध्यानांत असेलच. ग्रंथ संग्रहीं ठेवणें हें आमचें कार्य. परंतु ग्रंथांतील वचन कोणाच्या पाठीवर पडलें, हें पाहणें हाही संशोधनाचाच भाग आहे.

दुष्काळी कामांचा कायदेसंग्रह १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर तयार झाला. त्या आधीं १८७७ त सर रिचर्ड टेंपल यानें दुष्काळी कामावरील मजुरी अपुऱ्या धान्यमानावर आणली, व ती ‘टेंपल वेतन’ म्हणून कुप्रसिद्ध झाली. हीं कामें दुष्काळ जाहीर झाल्यावर निघत व पाऊस पडतांच बंद होत. जेथें पाऊस कधीं चुकत नाहीं, त्या कोंकणास त्यांचा लाभ कितीसा होणार ?

(५) मुंबई

बंदर बसलें, पलटण बंद झाली, तेव्हां हात मुंबईस गेले. आम्हीं शाळेंत असतांना प्रवेशपत्रकांवर पालकाचा धंदा लिहिण्याची जागा असे. तींत ‘मुंबईस गिरणींत’, ‘मुंबईस गोदींत’ अशा नोंदी इतक्या येत, कीं अखेरीस नुसतें ‘मुंबई’ एवढेंच लिहिलें जाई. गांव हा धंदा झाला होता.

मुंबईच्या गोदीनें मात्र एक नवी गोष्ट दाखविली. बंदरावरील काम जात्याच अनिश्चित. जहाज आलें तर काम, न आलें तर नाहीं. विलायतेंतही बेकारीचा शास्त्रीय विचार लंडनच्या गोदींतील अशाच रोजंदारांवरून सुरू झाला. तेथें कांहीं धंद्यांपुरता बेकारीचा विमा १९११ त आला. आपल्याकडे गोदी कामगारांच्या नियमनाचा कायदा १९४८ चा. त्याखालीं मुंबईस गोदी कामगार मंडळ स्थापन झालें. नोंदलेल्या कामगारास महिन्यांतील किमान दिवसांच्या वेतनाची हमी, आणि हजर राहून काम न मिळाल्या दिवशीं हजेरीभत्ता, अशी त्यांत योजना होती. काम नसल्या दिवसाचाही कांहीं मोबदला असतो, ही कल्पना आमच्या लोकांनीं प्रथम तेथें पाहिली. हमालांसाठीं महाराष्ट्रानें १९६९ त माथाडी कायदा केला, त्याचा सांगाडा याच धर्तीचा. परंतु गोदीची योजना मुंबईसारख्या मोठ्या बंदरांची. महाड, दासगांव, बाणकोट यांच्या धक्क्यांवर ती आली नाहीं.

पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते. त्यांपैकीं पुष्कळांस पुन्हां काम मिळालें नाहीं, व कोंकणांत आणि घाटावर माणसें परत आलीं. साच्यावर वीस वर्षें काढलेला माणूस पोलादपूरच्या वाडींत वरकस जमिनीच्या तुकड्यावर येऊन बसला. गांवीं त्याच्यासाठीं जें एक लेखी वचन होतें, तें फावड्याच्या कामाचें होतें. त्याकडे आतां वळूं.

(६) हमीचा कायदा व भत्ता

विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ त, मागेल त्यास काम द्यावें, अशी योजना मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांस सुचविली. सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत ती राज्यभर आली. १९७३ च्या मे महिन्यांत दुष्काळी कामांवर सुमारें पन्नास लक्ष माणसें होतीं. १९७५ त व्यवसाय कर बसवून तिच्या खर्चाची सोय झाली, म्हणजे शहरांतील पगारदार खेड्यांतील कामाचा वांटेकरी झाला. १९७७ त विधिमंडळानें रोजगार हमीचा कायदा संमत केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला.

या कायद्याचें मर्म असें. ग्रामीण भागांतील प्रौढ माणसानें अंगमेहनतीचें काम मागितलें, तर पंधरा दिवसांत तें द्यावें. न दिल्यास बेकारभत्ता द्यावा. भत्ता अल्प होता, दिवसाला रुपया-दोन रुपये. परंतु रकमेकडे पाहून त्याची किंमत करूं नये. विष्टींत राजाचा हक्क प्रजेच्या हातांवर होता, आणि हातांनीं चुकारपणा केला तर दंड हातांस होता. येथें हातांचा हक्क राज्यावर आहे, आणि राज्यानें चुकारपणा केला तर दंड राज्यास आहे. भत्ता हा त्या दंडाचें नांव. दुष्काळ जाहीर होण्याची अट गेली, जमिनीची अट गेली, वतनाची अट गेली. ज्यास केवळ हात आहेत, तो प्रथमच धनको झाला.

२००५ त केंद्रानें सर्व देशासाठीं असाच कायदा केला. प्रत्येक कुटुंबास वर्षास शंभर दिवस काम; पंधरा दिवसांत न मिळाल्यास पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान चौथाई व पुढें निदान निम्मा भत्ता, व तो राज्य सरकारानें द्यावयाचा, अशी त्यांत तरतूद होती. डिसेंबर २०२५ त संसदेनें त्याच्या जागीं नवा कायदा संमत केला व दिवसांची मर्यादा १२५ केली.

कोंकणास या हमीचा खरा स्पर्श झाला तो १९९० नंतर, जेव्हां तिच्याशीं फळबागांची योजना जोडली गेली. डोंगरउतारावर आंबा व काजू यांचीं कलमें लावण्याची मजुरी त्या योजनेंतून मिळूं लागली, व आठ महिन्यांच्या रिकामपणांतला कांहीं भाग भरून निघाला.

परंतु भत्ता प्रत्यक्ष किती जणांस मिळाला ? फारच थोड्यांस. त्याचें कारण कागदाच्या अभ्यासकास चटकन् समजेल. भत्त्याचा हक्क काम मागितल्याच्या तारखेपासून सुरू होतो, आणि ती तारीख सिद्ध होते अर्जाच्या पावतीवरून. अर्ज तोंडीं घेतला, किंवा घेऊन पावती दिली नाहीं, किंवा काम निघाल्यावर त्या दिवसाची तारीख घातली, कीं पंधरा दिवस कधीं भरतच नाहींत. सनद नसतां इनाम सांगणाऱ्याची जी गत इनाम कमिशनपुढें झाली, तीच पावती नसतां भत्ता मागणाऱ्याची होते.

(७) कारखान्यांचें महाड

आजचें महाड हें बंदर नसून रासायनिक कारखान्यांचें गांव आहे. १९६२ त स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत बिरवाडी-नांगलवाडीच्या बाजूस उभी राहिली, आणि मुंबईस जाणारे कांहीं हात येथेंच थांबले. या कामगाराच्या बेकारीसंबंधानेंही कायदे झाले आहेत. काम बंद ठेवल्यास निम्मी भरपाई, आणि कपात केल्यास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचें सरासरी वेतन, हे नियम १९५३ त आले. राज्य विम्याखालीं नोंदलेल्या कामगाराचा कारखाना बंद पडल्यास भत्ता देणारी योजना २००५ त निघाली. २०१८ त दुसरी निघाली, तिची मुदत नव्वद दिवसांपर्यंत.

हे सर्व हक्क नोंदींतून जन्मतात. वर्षाची अखंड सेवा धरावयास बारा महिन्यांत २४० दिवस भरावे लागत. ते दिवस मोजावयाचे हजेरीपटावरून, आणि हजेरीपट ठेकेदाराच्या हातीं. ठेकेदार बदलला कीं पट बदलला, आणि दिवस पुन्हां एकापासून. शिवाय दुसरी एक फट आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्यानें नागरी संस्थेच्या हद्दीबाहेरचा तोच ग्रामीण भाग ठरविला. महाडास नगरपालिका जुनीच. पोलादपुरासही पुढें नगरपंचायत झाली. म्हणजे ज्या दोन गांवांच्या नांवानें हा लेख लिहिला, त्यांच्याच बाजारपेठेंतील रोजंदार त्या हमीच्या बाहेर राहिला. आणि कारखान्याच्या पटावर तो नाहीं म्हणून कामगाराच्या भत्त्याच्याही बाहेर राहिला. जुना उपरी तो हाच.

काम न करितां भत्ता दिल्यास लोक आळशी होतात, असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. त्यास उत्तर कायद्याच्या रचनेंतच आहे. भत्ता आळसास मिळत नाहीं. काम मागूनही न मिळाल्यास मिळतो. ज्यास तो वांचवावयाचा असेल त्यानें काम काढावें. सेतु व दुर्ग बांधण्यास सांगणाऱ्या कौटिल्यानें हेंच सुचविलें होतें.

(८) संग्राहकांस विनंति

हा विषय वर्तमानाचा आहे, इतिहासाचा नव्हे, असें कोणी म्हणतील. परंतु १६७६ चें पत्रही लिहिलें त्या दिवशीं वर्तमानच होतें. तें एका दफ्तरांत राहिलें म्हणून इतिहास झालें. सनदा व ताम्रपट टिकले, कारण त्यांवर जमीन अवलंबून होती व जमीनवाल्यास ते ठेवावयास पेटी होती. रोजंदाराचा कागद छपरांत खोंचलेला असतो. २२ जुलै २०२१ रोजीं महाडांत पुराचें पाणी घरांत शिरलें, त्याच दिवशीं तळियें येथें व पोलादपूर तालुक्यांत दरडी कोसळल्या, माणसें गेलीं. अशा वेळीं कागदाचें काय होतें तें सांगावयास नको.

सबब आमची विनंति अशी, कीं मोडी रुमाल शोधीत या प्रांतांत फिरणाऱ्यांनीं पुढील कागदही मागावे : जुन्या नाखव्यांच्या व वखारवाल्यांच्या वह्या, हमालटोळीच्या मुकादमाचे हिशेब, मुंबईहून आलेल्या मनिऑर्डरींचे तुकडे, पलटणींतील निवृत्तांचे दाखले, गिरणीचे हजेरीचे बिल्ले, रोजगार हमीचे हजेरीपट, आणि विशेषेंकरून कामाच्या मागणीच्या पावत्या, मग त्या कितीही अलीकडच्या असोत. ज्याची पावती असेल त्यास आधीं तिची नक्कल करून द्यावी व मूळ त्याच्यापाशींच ठेवावें, कारण त्याचा हक्क अद्याप तिच्यावर चालावयाचा असेल. संग्रहास छायाचित्र पुरे. ज्या पावतीवर तारीख नसेल, ती तर अवश्य टिपून ठेवावी. हक्क लिहिला गेला पण दिला गेला नाहीं, याचा तीच पुरावा आहे, आणि पुढील लेखकास या काळाचें खरें चित्र काढावयाचें झाल्यास तिच्यावांचून गत्यंतर नाहीं.